दोन खांब झपाट्यानं, दोन खांब सावकाश

गजू,

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळच्या गाडीनं अकोल्याला परतलो आणि अंघोळ-चहा उरकून लिहायला बसलो आहे. तू गेल्यापासून कालपर्यंत तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलायची हिंमत मला झाली नव्हती. मोबाइलमध्ये तुझा फोटो समोर आला की मी तो पालथा घालून ठेवत होतो. काल ते सरलं. आज मी हलक्या मनानं लिहितो आहे. कॉलेजपासूनचा मित्र गेल्यावर असं हलकं वाटणं लोकांना बरं दिसणार नाही. तुला मात्र सांगितलंच पाहिजे, कारण मी ज्या ओझ्याखाली होतो ते तुझ्याच नावाचं होतं.

सुरुवात तुझ्या मायपासून करतो. आपण अमरावतीला कॉलेजात होतो तेव्हा तू रोज वलगावहून एसटीनं यायचास आणि तुझ्या पिशवीत दोन डबे असायचे. मी नांदगाव खंडेश्वरकडच्या एका खेड्यातून आलेलो. घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. खोलीवर स्टोव्ह पेटवायचो आणि बहुतेक वेळा भात करपवायचो. हे तू घरी सांगितलंस आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरा डबा सुरू झाला, तो मी पदवीधर होईपर्यंत थांबला नाही. एकदा संकोचून मी म्हटलं होतं, "माय, रोज कायले एवढा तरास घेतं तू?" तर ती म्हणाली, "एका पोराच्या भाकरी थापा का दोघांच्या, तवा तं एकच तापते न." आज मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. माझ्या पदवीत त्या तव्याचा वाटा आहे हे मी वर्गातल्या मुलांना सांगितलं आहे. तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "बस कर बे, भाषण देऊन राहिला."

मग पंचेचाळिशी उलटल्यावर दुकानात बसल्या बसल्या तुला अटॅक आला. स्टेंट बसवून तू घरी आलास. काही आठवड्यांनी मी वलगावला आलो तर पुढच्या खोलीत खाट टाकलेली, तू खाटेवर आणि माय शेजारी डाळिंब सोलत बसलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण घरानं ते ऐकून सोडून दिलं होतं. तुझं बियाण्यांचं दुकान तुझा थोरला भाऊ रमेशदादा बघत होता. तुला न्हाणीत पाण्याची बादली उचलू देत नव्हते. आपल्याकडं हार्टचा माणूस म्हणजे त्याला कुणी मोठ्यानं हाकसुद्धा मारत नाही. माय पाणी आणायला आत गेली तेव्हा तू मला हळूच म्हणालास, "पम्या, रात्री कुशीवर वळाले बी भेव वाटते रे." कॉलेजच्या कबड्डीत तीन जणांना ओढत रेषेपर्यंत नेणारा गजू हे बोलत होता. मी त्या दिवशी एसटीत बसून हाच विचार करत अकोल्याला गेलो.

त्याच्या आधीपासून मी अकोल्याच्या एका डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालत होतो. माझं ब्लड प्रेशर वाढलेलं, पोट सुटलेलं, कॉलेजचा जिना चढलो की पहिली पाच मिनिटं फळ्याकडं तोंड करून उभं राहावं लागे. ते म्हणाले, रमतगमत चालून थोडा फायदा होईल, पण तुमच्या वयाच्या माणसाचं हृदय आळसावलेलं असतं, त्याला आळीपाळीनं कामाला लावा. काही वेळ झपाट्यानं चाला, मग काही वेळ सावकाश, पुन्हा झपाट्यानं. झपाट्यानं चाललं की हृदयाकडं मागणी येते. सावकाश चाललं की ते सावरतं. असं मागणं आणि सावरणं होत राहिलं की एकेका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला ते शिकतं, आणि मग एरवी त्याला कमी ठोक्यांत भागवता येतं. मला हे पटलं कारण त्यात घाई नव्हती. आणि काही महिन्यांनी जिना चढून सरळ मुलांकडं तोंड करून शिकवायला लागलो, तेव्हा आणखी पटलं.

तुझं प्रकरण वेगळं होतं, हे मलाही कळत होतं. म्हणून आपण आधी तुझ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी केली. सुरुवातीला नुसतं सपाटीवर चालणं, मग फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली थोडं झपाट्यानं थोडं सावकाश, आणि ते जमलं तरच बाहेर, असं त्यांनी आखून दिलं. छातीत दुखलं, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं. गोळ्या एकही बंद करायची नाही. सगळं रीतसर होतं. पण घरी येऊन सांगितल्यावर मायच्या हातातलं पाखडायचं सूप तसंच राहिलं. "हार्टच्या मानसाले पयवता का रे? पम्या, माया पोराले मारशीन तू."

मी म्हटलं, "माय, डॉक्टरनं सांगतलं तेवढंच करू. मी हाय न. काही झालं तं मले विचारजो."

हे वाक्य मी मायला धीर द्यायला बोललो होतो. तू गेल्यावर ते माझ्याकडं परत आलं.

त्याआधीचे दिवस मात्र काय मजेचे गेले, गजू. माझी सासुरवाडी अमरावतीची, त्यामुळं दर रविवारी तिथून मी स्कूटरनं वलगावला यायचो आणि आपण गावाबाहेरच्या रस्त्यावर चालायचो. घड्याळ तुला आवडत नव्हतं, म्हणून आपण विजेचे खांब धरले. दोन खांब झपाट्यानं, दोन खांब सावकाश. झपाट्याचं तुला लगेच जमलं. अडलं ते सावकाशवर. रस्ता तुझ्या गावचा, येणारा-जाणारा प्रत्येक जण ओळखीचा. तू सावकाश चालायला लागलास की कुणीतरी फटफटीवरून ओरडायचं, "काय गजूभाऊ, दम लागला का?" झालं. गजूभाऊ तिथूनच सुटायचे. मी मागून हाका मारतोय, तू पुढं पुढं. जिथं सावरायचं तिथंच तू पळायचास, आणि मग झपाट्याच्या वेळी तुझ्यात काही उरायचं नाही. मला वाटतं, आपल्या भागातल्या निम्म्या पुरुषांची हीच गत आहे. पळताना मरण आलं तरी चालेल, पण रस्त्यात कुणी हळू चालताना बघायला नको.

मी तुझ्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, सावकाशच्या वेळी त्यांना बोलतं ठेवा. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं तर हृदय सावरलं असं समजा आणि मगच पुढचा झपाटा. ही युक्ती लागू पडली, कारण एकदा बोलायला लागलास की तुला थांबवावं लागायचं. आता फटफटीवरून कुणी ओरडलं की तू हात हलवून म्हणायचास, "थांब बे, महत्त्वाची गोष्ट चालू हाय." गावालाही वाटायचं, गजूभाऊ अकोल्याच्या प्राध्यापकाशी काहीतरी मोठं बोलून राहिले. आपण बोलत असायचो ते अमरावतीचा गिला वडा चालून झाल्यावर खाल्ला तर चालतो का, यावर.

पण त्या पद्धतीत एक खोट होती. आपलं एकही भांडण पुरं झालं नाही. वाद ऐन रंगात आला की खांब यायचा, तू बाण सुटल्यासारखा निघायचास, आणि पुढच्या सावकाशला तू नवाच विषय काढायचास. तुला कोणी वाचवलं हा वाद किती वेळा निघाला! तू म्हणायचास स्टेंटनं, मी म्हणायचो चालण्यानं, आणि माय म्हणायची तिच्या गुरुवारच्या उपासानं. तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचास की असं चाललं की ब्लॉक विरघळतात. मी किती सांगितलं, तसं होत नाही, डॉक्टर म्हणतात हृदयाची ताकद वाढते, दम वाढतो, प्रेशर उतरतं, पण ब्लॉक विरघळतात असं कुणी म्हणालेलं नाही. तू म्हणायचास, "अबे, विरघळते म्हटल्याशिवाय लोक खाटेवरून उठत नाहीत." एकदा तर तू गोळ्याच सोडायच्या म्हणालास, "आता कायले पायजेत?" त्या वेळी मात्र मी खांब आला तरी तुझा दंड सोडला नाही. आपण रस्त्यात उभं राहून भांडलो. तू चिडून घरी गेलास आणि गोळी घेतलीस, हे मला वहिनींनी फोन करून सांगितलं.

आणि सेमाडोहला दोन्ही घरं मिळून गेलो होतो, तो चढ. मुलं पुढं, बायका गप्पा मारत मधे, आणि मी घाम पुसत सगळ्यांच्या मागं. तू वर पोचून उभा होतास, लेकीची बॅग तुझ्या खांद्यावर. वरून ओरडलास, "मास्तर, पूर्ण वाक्य बोलून दाखवा!" मला एक शब्द बोलता आला नाही. तुझी लेक हसत होती. खाटेवर कुशीला वळायला भिणारा माणूस तो हाच होता, हे तिथं मला एकट्यालाच आठवत असावं.

शेवटच्या रविवारी मी तुला विचारलं होतं, "गजू, आता रात्री भेव वाटते का?" इतक्या वर्षांत हे मी विचारलं नव्हतं. तू माझ्याकडं बघितलंस, तोंड उघडलंस, आणि खांब आला. तू निघालास. पुढच्या सावकाशला तू कपाशीच्या नव्या वाणाबद्दल बोलायला लागलास. मीही परत विचारलं नाही. आठवडाभरानं आहेच की रविवार, असं वाटलं.

मग तुला ताप आला. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स उतरल्या, आत रक्तस्राव झाला. मला निरोप मिळाला तो तुझ्या पुतण्याचा: "काका, गजूकाकाचं हार्ट बंद पडलं." पोरगं रडत होतं, त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं. शेवटी सगळ्यांचंच हृदय बंद पडतं, पण त्या वेळी एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. मी अकोल्याहून वलगावला पोचेपर्यंत माझ्या कानांत तेवढंच एक वाक्य होतं.

स्मशानात मी मागं उभा होतो. माझ्या पुढं दोघं बोलत होते.

"हार्टचा पेशंट होता न थो. रोज पयत होता म्हन्ते."

"त्या अकोल्याच्या मास्तरनं लावलं होतं न पयाले. आता पाह्य."

त्यांना माहीत नव्हतं की मास्तर मागं उभा आहे. मी तिथूनच परत फिरलो. तुझ्या घरी आलो नाही, मायच्या समोर गेलो नाही. डेंग्यूचं मला ठाऊक होतं, पण मन म्हणत होतं, ताप तर पुष्कळांना येतो, ते बरे होतात. याचंच हृदय का टिकलं नाही? आपण चालवून चालवून ते झिजवलं तर नाही? अकोल्यात मी स्वतः चालायचा थांबलो. बायकोनं विचारलं तर म्हटलं, गुडघा दुखतो. जिना चढताना छातीत नुसती धडधड व्हायची आणि मला वाटायचं, घे, तुझीही पाळी आली.

तेरवीला न येणं शक्यच नव्हतं. काल आलो आणि मांडवात अगदी कडेला बसलो, जेवण झालं की निघता येईल असा. पंगत बसायच्या आधी रमेशदादा आला. "पम्या, माय बलावते."

वाटलं, आता विचारणार. विचारू दे, मीच सांगितलं होतं विचार म्हणून.

माय स्वयंपाकघरात खाली चटईवर बसली होती. भोवती चार-पाच बाया. तिनं मला समोर बसवलं.

"त्या दिवशी मसनातून तसाच निंगून गेला तू. घरी काहून नाई आला?"

मी म्हटलं, "माय, म्या म्हटलं होतं न, काही झालं तं मले विचारजो."

"मंग?"

"मंग... म्याच त्याले चालाले लावलं."

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "अरे येड्या, त्याले मच्छर चावला. तू चावला का?"

एका बाईला हसू आवरलं नाही, तिनं तोंडाला पदर लावला. माय हसली नाही. तिनं माझा हात धरला.

"खोटं नाई सांगत, मले बी तसंच वाटलं होतं. म्हनून तो दवाखान्यात असतानीच म्या डाक्तरले सोता इचारलं. म्हटलं, बाबू, खरं सांग, चालून चालून कमजोर झालं का माया पोराचं काळीज? त्यानं मले मशीनवर दाखवलं. म्हने मायजी, हे पाहा, काळीज तं चांगलं चालू हाय. ताप वाईट हाय. रक्तच थांबून नाई राहिलं. काळीज कमजोर असतं तं इतकं बी लढला नसता." मग म्हणाली, "म्या त्याले खाटेवर ठेवलं होतं. त्यानं दुकान केलं, पोरीले कॉलेजात घातलं, मायाशी रोज भांडला. अन् रात्री असा घोरे, असा घोरे, का मले इकडच्या खोलीत झोप ना लागे."

गजू, त्या शेवटच्या रविवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला असं मिळालं. भिणारा माणूस घोरत नाही. मी तिथं सगळ्या बायांसमोर रडलो, आणि त्या रडण्यात दुःख किती आणि सुटका किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही. मायनं रडू दिलं. मग पदरानं माझं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात, आणि दाराकडं बघून हाक मारली, "रमेश, इकडं ये."

दादा दारातच उभा होता, ऐकत.

"पम्या, याचं पोट पाह्य."

"माय, आता हे कायले..." दादा म्हणाला.

"कायले म्हंजे? गजूहून चार वर्सानं मोठा तू. दोन पायऱ्या चढला का भात्यावानी फुसफुस करतं."

"मी शेतकरी मानूस हावो. दिवसभर वावरात असतो. मले कायले पायजे व्यायाम?"

"वावरात फटफटीवर जातं, बांधावर बसून मजुराईवर वरडतं, अन् फटफटीवरच वापस येतं. पयते तं तुयी जीभच पयते."

आता कुणीच हसू दाबलं नाही. दादासुद्धा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. तेरवीच्या घरात असं हसू उठलं की बाहेर मांडवातली माणसं वळून बघायला लागली. तुला ते आवडलं असतं.

माय मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. "पम्या, हा एकच राहिला आता मले. याले ने."

मला वाटलं होतं ती माझ्याकडं जाब मागेल. तिनं मला उरलेला पोरगा दिला. ज्या बाईनं मला 'मारशीन तू' म्हटलं होतं, तिनं सगळ्यांच्या देखत हे म्हटलं. स्मशानातले ते दोघं मांडवात होते की नाही, मला माहीत नाही. मी बघितलंही नाही.

मी म्हटलं, "माय, पहिले तपासणी करू. डॉक्टर म्हनतीन तसंच, तेवढंच."

"ते तू पाह्य," ती म्हणाली. "मी काय डाक्तर हावो?" आणि तिथंच, चुलीजवळ, तिनं माझं ताट वाढायला सांगितलं. मी पोटभर जेवलो. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

मी निघालो तेव्हा दादा फाटकापर्यंत आला. फाटकाची कडी धरून उभा राहिला. मग म्हणाला, "दुखते का रे ते तपासणीत?" मी म्हटलं, "नाही दादा, पट्ट्यावर चालवतात, बस." तो म्हणाला, "तू सोबत राहाशीन न पण?"

राहीन म्हणालो. मंगळवारची वेळ मिळाली आहे. मी रजा टाकली आहे.